शेतात निघालेला भोकांचा दगड: भोकं मोजू नका, त्यांच्या आतली भिंत बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीलगत तुमची वडिलोपार्जित जमीन आहे. जेसीबीनं जुना बांध मोडताना त्यातून एक दगड निघाला. लांबी दीड फूट, रुंदी फूटभर, जाडी पाऊण फूट, आणि दोघांनी मिळून तो कडेला ठेवला. रंग तांबूस-काळा. अंगभर करंगळी जाईल एवढी वेडीवाकडी भोकं आहेत, आणि एका कडेला तीन मोठी भोकं जवळजवळ एका रेषेत आहेत. लोहचुंबक थोडं ओढलं जातं. शेजारी उल्का म्हणतात, चुलते देवाचा दगड म्हणतात आणि बाहेरगावच्या एका माणसानं ‘राईस पुलर’ (तांदूळ ओढणारा दगड) म्हणून मोठ्या रकमेची भाषा सुरू केली आहे. हा दगड कोणता आणि त्याला किंमत आहे का, असं तुम्ही विचारलंय.

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. दगड कोणता, हा एक. भोकं कशानं पडली, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकच असलं पाहिजे असं धरलं की घोटाळा होतो. निसर्गानं आधीच सच्छिद्र केलेल्या दगडाला माणसानं नंतर वेगळी भोकं पाडलेली असू शकतात, आणि तुमच्या वर्णनात तसं असण्याची खूण आहे. म्हणून बारीक वेडीवाकडी भोकं आणि ओळीतली तीन भोकं वेगवेगळी तपासायची.

फोटोवरून शेवटचा शब्द देता येणार नाही. भर दुपारी काढलेल्या, ओल्या दगडाच्या फोटोत भोकाची आतली बाजू काळीच दिसते, आणि नेमकी तीच बाजू आपल्याला हवी आहे.

तोवर तीन गोष्टी टाळा. दगड फोडू नका. तारेच्या ब्रशनं घासू नका. आणि भोकांतली माती टोकरून काढू नका. ती माती कशी आहे, यावर पुढे बरंच ठरतं. धुवायचाच असेल तर साधं पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश पुरे, तोही एकाच बाजूला, दुसरी बाजू आहे तशी ठेवून. शेतात पडलेल्या अशा दगडाच्या भोकात बोट घालण्याआधी काडी घालून बघा. विंचवाला ही जागा फार आवडते.

आता जमिनीकडे येऊ. बेळगाव जिल्हा भूशास्त्राच्या दृष्टीनं फार श्रीमंत आहे. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग या बाजूला दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडे कलादगीचे गाळाचे खडक: क्वार्ट्झाइट (वालुकाश्मच, पण फार कठीण झालेला), वालुकाश्म, चुनखडक. त्यांचं वय १०० कोटी वर्षांहून जास्त आहे, आणि गोकाकचा धबधबा याच क्वार्ट्झाइटवरून कोसळतो. खानापूर, बैलहोंगल, कित्तूरच्या बाजूला त्याहूनही जुने धारवाडी शिस्ट (पापुद्र्यापापुद्र्यांचे खडक) आणि त्यांतून गेलेल्या पांढऱ्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या शिरा. आणि बेळगाव शहराचं पठार, जांबोटी, चंदगड या पट्ट्यात वरचा थर जांभ्याचा. त्यामुळे ‘भोकांचा दगड’ असं म्हटलं तर अथणीत त्याचं उत्तर एक, गोकाकला दुसरं आणि तुमच्याकडे तिसरं येण्याची शक्यता जास्त.

तुमच्या बाबतीत यात एक अडचण आहे. दगड बांधातून निघाला. बांध माणसानं घातलेला असतो. नांगराला लागलेले, विहिरीतून निघालेले, पडक्या घराचे, कधी मोडक्या देवळाचेही दगड बांधात जातात. त्यामुळे बांधातला दगड त्याच जागचा आहे असं धरता येत नाही. आधी त्याच बांधातले आणखी दहा-पंधरा दगड बघा. सगळे तशाच जातीचे असतील तर हा दगड आसपासचाच. हा एकटाच वेगळा असेल तर तो कुठूनतरी आणलेला आहे, आणि मग ‘कोणी, कशासाठी’ हा प्रश्न महत्त्वाचा होतो. शेजारच्या विहिरीची कडा किंवा रस्त्यासाठी कापलेली दरड दिसत असेल तर तिथला थरही बघून ठेवा. वर लाल माती, खाली भोकाभोकांचा तांबडा थर आणि त्याखाली पांढुरकी-पिवळी चिकण माती असा क्रम दिसला तर तुम्ही जांभ्यावर उभे आहात.

आता बारीक भोकं. ती कशामुळे पडली हे त्यांची संख्या किंवा आकार सांगत नाही. आतली भिंत सांगते. मोबाइलची बॅटरी आडवी धरून, शक्य असेल तर दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा.

जांभ्याची भोकं नळीसारखी असतात. वळतात, फाटे फोडतात, एकमेकांना मिळतात, आणि एका बाजूनं ओतलेलं पाणी बऱ्याचदा भलतीकडूनच बाहेर येतं. आतल्या भिंतीवर गडद तपकिरी, किंचित चकचकीत लोहाचं अस्तर असतं आणि ताज्या भोकात पिवळी किंवा पांढरट चिकण माती भरलेली असते. कारण असं: भरपूर पाऊस आणि कडक उन्हाळा आलटून पालटून मिळाला की मूळ खडकातली सिलिका आणि इतर विरघळणारे घटक वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. लोह एकत्र येऊन कठीण जाळी बनतं, जाळीच्या पोकळीत मऊ माती राहते. दगड उघड्यावर आला की पाऊस ती माती धुऊन काढतो. मुळ्या आणि वाळवी उरलेल्या वाटा मोकळ्या करतात. म्हणजे भोक पाडलं गेलं असं म्हणण्यापेक्षा भोकातला माल निघून गेला म्हणणं बरोबर. म्हणूनच भोकातली माती टोकरू नका म्हटलं. खोल भोकात चिकण माती आणि वरच्या भोकात काहीच नाही, हे जांभ्याचं चांगलं लक्षण आहे.

चंदगड-बेळगावच्या जांभ्याबरोबर बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिजही येतं. त्यात मटार-वाटाण्याएवढे गोल दाणे असतात आणि ते निसटले की छोट्या अर्धगोल खळग्या उरतात. रंग फिका, गुलाबी-करडा असेल तर हाही विचार करा.

बेसाल्टची भोकं वेगळी. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहतात. आपल्याकडे विहीर खोदणारे याला मांजऱ्या म्हणतात. ही भोकं गोल किंवा लांबट गोल, सुटी, एकमेकांना न मिळणारी असतात. भिंत गुळगुळीत, आणि अनेकदा तिच्यावर हिरवट पातळ पापुद्रा असतो. बहुतेक भोकं नंतर पांढऱ्या खनिजांनी भरलेली असतात: झिओलाइट, कॅल्साइट किंवा गार. दगड उघड्यावर पडला की झिओलाइट आणि कॅल्साइट आधी झिजतात. म्हणून बाहेरची भोकं रिकामी आणि आतली भरलेली, असा प्रकार दिसतो. जेसीबीच्या दातानं एखादी कड उडाली असेल तर त्या ताज्या जागी बघा. तिथं काळ्या दगडात पांढरे ठिपके असतील तर प्रश्न तिथंच सुटला. लाव्ह्याच्या थराच्या तळाशी कधी कधी बोटभर जाडीच्या उभ्या, समांतर नळ्याही मिळतात. त्या बघून छिद्रं यंत्रानं पाडलीत असंच वाटतं. पण नळी एका अंगाला झुकलेली असते, व्यास सारखा राहत नाही आणि तोंडाशी टाकीचा (छिन्नीचा) मार नसतो.

तुमच्या भागात या दोन्हींच्या मधला दगडही मिळतो आणि सगळ्यात जास्त फसगत तिथंच होते. जांभा हा बऱ्याच ठिकाणी बेसाल्टच कुजून तयार झालेला आहे. त्यामुळे गाभा काळा, बेसाल्टचा, आणि त्याभोवती कांद्यासारखे सुटणारे तांबूस-पिवळे पापुद्रे, असा अर्धवट बदललेला दगड निघतो. एका टोकाला गोल भोकं, दुसऱ्या टोकाला नळ्या. दोन जण दोन टोकं बघून दोन नावं सांगतात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

बाकीच्या शक्यता तुमच्याकडे कमी आहेत, पण पूर्वेकडच्या वाचकांसाठी थोडक्यात. चुनखडकाची भोकं पाण्यात विरघळून होतात. कडा गोलावलेल्या, भिंत गुळगुळीत आणि लहरी. गारेच्या दगडात चौकोनी, काटकोनी खळग्या आणि त्यात गंजाची पिवळी-तांबडी पूड असेल तर तिथं पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे घनाकार स्फटिक होते, ते गंजून गेले. काही लोक हीच सोन्याची निशाणी समजतात. तेवढ्यावरून सोनं ठरत नाही. नदीतल्या गोट्याला किंवा पात्रातल्या खडकाला गोल, खोल, घोटीव खळगा असेल तर तो पाण्याच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या खड्यांनी घासून केलेला रांजणखळगा.

आता त्या ओळीतल्या तीन भोकांकडे. मला सगळ्यात जास्त उत्सुकता यांचीच आहे, कारण निसर्ग सहसा सारख्या व्यासाची, सारख्या अंतरावर, समांतर अशी तीन भोकं पाडत नाही. मोजपट्टी घ्या. प्रत्येक भोकाचा तोंडाशी आणि तळाशी व्यास, खोली, आणि एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर लिहून काढा. मग प्रत्येक भोकात एक सरळ काडी उभी करून बाजूनं बघा: तिन्ही काड्या समांतर आहेत का?

व्यास ३२ ते ३४ मिलिमीटरच्या आसपास, भिंत सरळ, आणि एखादं भोक दगडाच्या कडेला अर्ध्या नळीसारखं उघडं पडलेलं असेल तर ती कॉम्प्रेसरनं मारलेली सुरुंगाची भोकं. विहिरीचा किंवा खाणीचा दगड. वय काही दशकांचं. अशा भोकात बाजूच्या मातीहून वेगळा, न जळालेला काही माल किंवा तार दिसली तर मात्र हात लावू नका, पोलिसांना कळवा. फुटला नसलेला सुरुंग अनेक वर्षांनीही धोकादायक असतो.

भोकं गोल नसून दोन-तीन इंच लांबीच्या चौकोनी खाचा असतील आणि खोली थोडीच असेल तर त्या पाचरीच्या. दगड चिरण्यासाठी आधी ओळीनं खाचा घेतात, त्यात लोखंडी पाचरी बसवून घण मारतात. कुठंतरी बेत बदलला किंवा दगड भलतीकडेच फुटला की खाचा तशाच राहतात.

तिसरी शक्यता तुमच्या वर्णनाला सगळ्यात जवळची वाटते. सह्याद्रीच्या अंगाला शेताच्या वाटेवर दोन बाजूंना उभे दगड पुरून, त्यांत ओळीनं तीन-चार भोकं पाडून, आडवे बांबू सारून गुरांची वाट बंद करण्याची पद्धत आहे. एका खांबाची भोकं आरपार असतात, समोरच्याची अर्धवट, म्हणजे बांबू एकीकडून सारून दुसरीकडे टेकवता येतो. भोकांचा व्यास अडीच-तीन इंचांच्या वर असेल, अंतर अर्धा फूट किंवा जास्त असेल आणि भोकाची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त घासलेली असेल, तर तुमच्याकडे अशा खांबाचा मोडका तुकडा आहे. जांभा ताजा असताना कुऱ्हाडीनंही तासता येतो आणि उघड्यावर कडक होतो, म्हणून या कामाला तो फार सोयीचा. मग त्याच बांधात, आठ-दहा फुटांच्या आत, जोडीचा दगड शोधा. गावातल्या वयस्कर माणसांना या वाटेवर पूर्वी फाटक होतं का, हेही विचारा. चुलत्यांनाच विचारा, देवाचा दगड असं ते म्हणतात त्यामागे जुन्या वाटेवरच्या एखाद्या थांब्याची किंवा हद्दीवरच्या देवाची आठवण असू शकते. दगडावर शेंदराचा किंवा तेलाचा जुना थर असेल तर तो खरवडू नका, त्याची नोंद करा.

घरगुती दगडांचाही विचार करून बाजूला सारायला हवा. जात्याच्या वरच्या तळीला मध्ये आरपार भोक आणि कडेला खुंट्यासाठी एक आंधळं, म्हणजे आरपार न जाणारं भोक असतं. उखळाची खळगी खाली निमुळती आणि घोटीव असते. दाराच्या उंबऱ्यातला दगड असेल तर उथळ वाटी आणि तिच्यात गोल फिरल्याच्या रेषा दिसतात. दोन ओळींत सात-सात उथळ खळग्या असतील तर तो कानडीत अळगुळी मणे म्हणतात त्या खेळाचा पट. यातलं काहीही निघालं तरी तो तुमच्या जमिनीचा इतिहास आहे, जपून ठेवण्यासारखा.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. एकच मोठं, फूट-दीड फूट व्यासाचं गोल भोक असलेली सपाट शिळा निघाली, तिच्याभोवती उभ्या शिळा किंवा दगडांचं वर्तुळ दिसलं, काळी-तांबडी मडकी किंवा हाडं सापडली, तर जेसीबी तिथंच थांबवा. ती लोहयुगातली दफनाची जागा असू शकते. गोकाकजवळच्या कोन्नूरला अशा शिळांच्या कबरी प्रसिद्ध आहेत. तसंच, दोन्ही बाजूंनी कोरत जाऊन मध्ये अरुंद झालेलं भोक असलेला हातात मावणारा गोल दगड निघाला तर तो नवाश्मयुगातला असण्याची शक्यता असते. अशा वस्तूंची जागा आणि खोली हीच त्यांची खरी माहिती. दगड उचलून घरी आणला की अर्धी माहिती गेली. कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू पुरावशेषात मोडते, १९७२ चा केंद्रीय कायदा तिला लागू होतो, आणि पुरलेलं मौल्यवान काही सापडलं तर कर्नाटकचा १९६२ चा निखात निधीचा कायदा आहे. काही सापडलं तर सरकारी अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

उल्केबद्दल. उल्केला सहसा भोकं नसतात. वातावरणातून येताना एका वेळी फक्त वरचा मिलिमीटरभर थर वितळतो आणि उडत जातो. आतला दगड थंडच राहतो, बुडबुडे व्हायला वेळ आणि उष्णता दोन्ही मिळत नाहीत. उल्केवर उथळ, अंगठ्यानं दाबल्यासारखे ठसे असतात आणि ताजी असेल तर काळी पातळ साल. शिवाय तुम्ही दिलेल्या मापांवरूनच एक हिशोब होतो. दीड बाय एक बाय पाऊण फूट म्हणजे सुमारे ३२ लिटर. कोपरे गोलावलेले धरून २० लिटर घ्या. घट्ट लोखंडी उल्का असती तर वजन दीडशे किलोच्या वर गेलं असतं. बेसाल्ट असता तर साधारण ५५ ते ६०, जांभा असता तर ४० ते ५०. दोघांनी हा दगड उचलून कडेला ठेवला, तेव्हा लोखंडी उल्का बाद.

चुंबक ओढलं जातं यावरून काही सिद्ध होत नाही. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. जांभ्यात मॅगहेमाइट तयार होतं, विशेषतः जिथं गवत, पाला, तरवा भाजला जातो तिथं, कारण उष्णतेत आणि सेंद्रिय द्रव्याच्या सोबतीत लोहाची ऑक्साइडं चुंबकीय होतात. चाचणी करायचीच तर हेडफोनमधलं जोरकस चुंबक नको, ते कशालाही चिकटतं. फ्रिजच्या दारावर लावतात ते साधं चुंबक दोऱ्याला टांगा आणि दगड जवळ न्या. थोडं हललं तर बेसाल्ट किंवा जांभा. झेप घेऊन चिकटलं तर लोहखनिज, धातू किंवा कीट.

कीट, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा मळ, याची शक्यता तपासून बघाच. उल्का म्हणून दाखवले जाणारे भोकांचे दगड पुष्कळदा हेच असतात. वरचा भाग ओघळून थिजल्यासारखा, फुटलेल्या जागी काचेची चमक, लहानमोठे बुडबुडे, कधी कोळशाच्या तुकड्यांचे ठसे आणि आत धातूचे मणी. पण दीड फुटांचा एकसंध, तांबूस, नळ्यांचा गोळा हे वर्णन कीटाशी जुळत नाही.

आणि राईस पुलर. असा दगड नसतो. तांदूळ ओढणारा, इरिडियम हा दुर्मिळ धातू भरलेला, परदेशी संस्था कोट्यवधी देऊन विकत घेणारी वस्तू, हे सगळं ठरलेलं फसवणुकीचं गाणं आहे. इरिडियमची घनता पाण्याच्या साडेबावीस पट असते, ते चुंबकाला चिकटत नाही, तांदळाला ओढत नाही आणि जांभ्यात ते गठ्ठ्यानं साठत नाही. पुढची पायरी ठरलेली असते: चाचणीचा खर्च, खास पोशाखातला तज्ज्ञ, आगाऊ रक्कम. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका, आधार किंवा उताऱ्याची प्रत देऊ नका. पैसे मागितले तर पोलिसात जा. हे मी कळकळीनं सांगतो. यात जमिनी गहाण पडतात.

घरच्या घरी करायच्या चाचण्यांसाठी मूळ दगडाला हात लावू नका. जेसीबीनं उडालेला मुठीएवढा तुकडा घ्या.

आधी कस. फरशीच्या मागच्या, न चकाकणाऱ्या बाजूवर तुकडा घासा. तांबडी-तपकिरी किंवा पिवळी रेघ उठली तर लोहाचं ऑक्साइड, म्हणजे जांभ्याची बाजू. करडी किंवा जवळजवळ काहीच नाही तर बेसाल्टची.

मग कठीणपणा. खिळ्यानं ओरखडा सहज पडला आणि पूड निघाली तर जांभा किंवा चुनखडक. खिळ्याचाच धातू दगडावर उमटला तर गार किंवा क्वार्ट्झाइट.

मग आम्ल. लिंबू किंवा व्हिनेगरचा थेंब टाका. फेस आला तर कॅल्साइट. डोलोमाइट (चुनखडकाचा मॅग्नेशियम असलेला भाऊबंद) असेल तर अखंड दगडावर फेस येत नाही, पूड करून टाकावी लागते. संडास साफ करायचं आम्ल वापरणार असाल तर उघड्यावर, हातमोजे घालून, आणि ब्लीचिंग पावडरच्या जवळपासही नको. त्या दोन्हींतून विषारी वायू निघतो.

शेवटी घनता, आणि इथं सच्छिद्र दगडात हमखास चूक होते. तुकडा उन्हात दोन दिवस वाळवा, हुक असलेल्या काट्यावर कोरडं वजन घ्या. मग रात्रभर पाण्यात ठेवा, बुडबुडे पूर्ण थांबू द्या. आता तो दोऱ्यानं काट्याच्या हुकाला टांगून, बादलीला न टेकता, पाण्यात बुडलेला असताना वजन घ्या. बाहेर काढून ओल्या फडक्यानं वरचं पाणी टिपा आणि लगेच तिसरं वजन घ्या. समजा कोरडं ९०० ग्रॅम, पाण्यात ५९०, ओलं ९९०. कोरडं वजन भागिले कोरडं वजा पाण्यातलं, म्हणजे ९०० भागिले ३१०: सुमारे २.९. ही दगडाच्या मालाची घनता. कोरडं भागिले ओलं वजा पाण्यातलं, म्हणजे ९०० भागिले ४००: २.२५. ही भोकांसकट घनता. लोक दुसराच आकडा घेतात आणि दगड हलका ठरवतात, किंवा न भिजवता पाण्यात धरतात आणि तिसराच आकडा काढतात. दोन आकड्यांतली तफावत जितकी मोठी तितकी भोकं जास्त आणि एकमेकांना जोडलेली. जांभ्यात ही तफावत ठळक असते. बेसाल्टमध्ये भोकं सुटी असल्यानं पाणी आत शिरतच नाही आणि तफावत कमी राहते.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज आज असा: दगड जांभा, किंवा जांभ्याच्या वाटेवरचा बेसाल्ट. बारीक भोकं नैसर्गिक. ओळीतली तीन बहुधा माणसाची. कस पांढरा निघाला, आम्लानं फेस आला किंवा ताज्या कडेवर धातूची चमक दिसली तर हा अंदाज मी मागे घेईन. बाजारातली किंमत म्हणाल तर एका चिऱ्याएवढी.

पुढे दाखवायचाच असेल तर बेळगावच्या खाण व भूविज्ञान खात्याचं कार्यालय आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग जवळचे. तिथं ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की खनिजांचा वाद उरत नाही. भोकं माणसाची आणि जुनी वाटली तर राज्य पुरातत्त्व खातं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं धारवाड मंडळ किंवा पुण्याचं डेक्कन कॉलेज.

मला परत लिहाल तेव्हा कोरड्या दगडाचे फोटो पाठवा: सकाळी आठच्या आत, उन्हाची तिरीप बाजूनं येताना, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून. ते २७ मिलिमीटरचं असतं, मापाला सोपं पडतं. सहाही बाजू, तीन भोकांचा प्रत्येकी जवळून एक, आणि बांधातली दगड निघाला ती जागा. सोबत तीन भोकांची मापं, कसाचा रंग आणि तीन वजनं. आणि जेसीबी अजून शेतात असेल तर उरलेला बांध मोडण्याआधी जोडीचा दगड शोधून घ्या.